शेवटचं कडवं

गेल्या हिवाळ्यात आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका शाळेनं लोकगीत स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. शाळेचं नाव सांगत नाही. जे घडलं ते कुठल्याही शाळेत घडलं असतं. हातात गुणपत्रिका दिली. सूर, ताल, सादरीकरण, वेशभूषा असे रकाने. वेशभूषेला सुराइतकेच गुण, त्यामुळं पोरी नऊवारीत आणि पोरं फेट्यात घामाघूम होऊन बसलेली. सोबत स्पर्धकांची यादी होती. तिच्यात गाण्याचे बोल आणि पुढं गीतकार. गीतकाराच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं आणि त्याखाली पार तळापर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा ओढत नेलेल्या.

नववीतला एक पोरगा खंजिरी घेऊन उभा राहिला. गळा कसदार, अजून फुटायच्या बेतात असलेला. त्यानं भीमगीत धरलं. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर त्यानं खंजिरी अशी काही फिरवली की मागच्या बाकावरचे शिपाईमामा पुढं येऊन उभे राहिले. तेवढ्यात घंटा वाजली. चार मिनिटं संपली होती. पोरानं नमस्कार केला आणि उतरला. गाणं वामनदादा कर्डकांचं होतं. मला ते पाठ, त्यामुळं शेवटचं कडवं माझ्या तोंडातच राहिलं; शिंक येता येता राहावी तसं.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात त्याला गाठलं. शेवटचं का सोडलंस म्हणून विचारलं. तो म्हणाला, “सर, वेळेत बसत नव्हतं. मॅडम म्हणल्या, शेवटचं सोड, त्यात नुसतं नाव असतंय.”

बाजूला त्याची आजी डबा सोडून बसली होती. नातवाचं गाणं ऐकायला सकाळच्या गाडीनं आलेली. ती म्हणाली, “म्या तं त्याला सगळं शिकवलं व्हतं. नावाबिगर गाणं मिटतंय व्हय सर?” आणि डब्याच्या झाकणावर दोन बोटांनी ठेका धरून तिनं ते राहिलेलं कडवं हळू आवाजात म्हणून टाकलं. ‘वामन’ हा शब्द आला तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेताना करतात तसा. मग भाकर मोडली.

तेव्हापासून ते ‘नुसतं नाव’ माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडं लोकगायकांची उपेक्षा होते असं म्हणायची पद्धत आहे. मग मानधन, पेन्शन, पुरस्कार, स्मारक असा ठरलेला सूर लागतो. ते सगळं मिळायला हवंच. पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. मराठवाड्यात आज जे गाणं लिहिलं आणि गायलं जातं, ते आपण शेवटपर्यंत ऐकतच नाही. जिथं गाणारा आपलं नाव सांगतो तिथं पोचायच्या आत आपण उठलेलो असतो, आणि नंतर म्हणतो की हे निनावी लोकांचं गाणं आहे.

लोकगीताची शाळेत शिकवलेली व्याख्या काय? ज्याचा कर्ता माहीत नाही ते. ही व्याख्या ज्यांनी केली त्यांना कर्ता शोधायची गरज वाटली नसावी. भीमगीतांच्या परंपरेला तर ती मुळीच लागू पडत नाही, कारण त्या गाण्यात कर्ता स्वतःच शेवटच्या कडव्यात उभा असतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. ही सोय काही भीमगीतकारांनी नव्यानं काढलेली नाही. आमच्या भागाला तर ती अंगणातली गोष्ट आहे. शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा आहे, चोखोबांचं जन्मगाव म्हणून सांगतात ते. अंबड ओलांडून पुढं गोदाकाठी गेलं की पैठण, तिथं ‘एका जनार्दनी’. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचंही नाव जोडून ठेवलं. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला १६०८ साली जन्मलेले रामदास आपल्या पदांत ‘दास’ म्हणून येतात. या मुद्रा चारशे, सहाशे वर्षं टिकल्या. कीर्तनकार कितीही घाईत असो, ‘तुका म्हणे’ गाळून अभंग संपवायची त्याची छाती होणार नाही. समोर बसलेली म्हातारी माणसं उठून त्याला विचारतील.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबेतल्या मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा राज्यभर ओरड झाली. विधिमंडळापर्यंत विषय गेला, पोलीस पथकं फिरली, पुढं मूर्ती सापडल्याही. योग्यच झालं. गाण्यातलं नाव चोरीला गेलं तर मात्र फिर्याद कुठं द्यायची हे कुणाला ठाऊक नाही. तसं काही चोरीला गेलंय हेच मुळात कुणाच्या लक्षात येत नाही.

वामनदादांचं उदाहरण घेऊ, कारण ते या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्म. पोटासाठी मुंबईला गेले. तिथं चाळीत कुणी एका बाईनं पत्र वाचून द्या म्हणून हातात दिलं आणि वाचता येत नाही म्हणून या गड्याला रडू कोसळलं, ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली. मग मोठ्या वयात अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत शहाणे झाले. १९४३ साली हिंदी सिनेमातल्या एका चालीवर पहिलं गाणं बांधलं. पुढं साठ वर्षं हा माणूस महाराष्ट्रभर पायी, एसटीनं, बैलगाडीनं गात फिरला. गाणी हजारांच्या घरात. ‘वाटचाल’ १९७३ साली आलं, ‘मोहोळ’ १९७६ साली. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २००४ च्या मे महिन्यात गेले. म्हणजे ज्यांचा आवाज ऐकलेली, ज्यांना घरी जेवू घातलेली माणसं अजून गावोगाव आहेत, ज्यांची पुस्तकं छापील आहेत, अशा कवीला आपल्या शाळा ‘पारंपरिक’ ठरवतात. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. हे गाणं २०६४ सालापर्यंत पारंपरिक होऊच शकत नाही. आणि त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानं, हक्क दुसऱ्याला विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणायचा लेखकाचा अधिकार शाबूत ठेवला आहे. दिल्लीत कायदा करणाऱ्यांना जे कलम घालून सांगावं लागलं, ते आमच्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात आधीच करून ठेवलं होतं.

एक वही असली की काय फरक पडतो हे बहिणाबाईंकडं बघून कळतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी जुळवायच्या. घरात सोपानदेव नावाचा कवी मुलगा होता, गाणी टिपून घेणारं कुणीतरी होतं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. वही नसती तर खानदेशातल्या त्याच ओळी आज ‘पारंपरिक ओव्या’ म्हणून कुठल्यातरी संकलनात पडल्या असत्या. याच्या उलट बाजूनं हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी केलेलं काम बघा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या आणि ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव नोंदवलं. त्यात आमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकाही आहेत, बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या. जिला आपण सगळ्यात निनावी समजतो त्या ओवीलाही विचारलं तर नाव निघतं. विचारणारा पाहिजे.

आता मोबाईलचं. मोबाईलनं या गाण्याचं भलं केलं असं म्हणतात, ते खोटं नाही. पूर्वी गायन पार्टीचं गाणं ऐकायला १४ एप्रिलची वाट बघावी लागे, नाहीतर कॅसेट. आता स्टीलच्या कारखान्यात पाळी सुटल्यावर पोरं कानात बोंडं घालूनच सायकलीवर बसतात. पण मोबाईलचं माप लहान. व्हॉट्सॲपचं स्टेटस कितीतरी वर्षं तीस सेकंदांचं होतं. तीस सेकंदांत मुखडा बसतो, फार तर अर्धं कडवं. नाव असतं शेवटच्या कडव्यात. म्हणजे लाखो हातांनी हे गाणं पुढं ढकललं, आणि प्रत्येक हातानं नेमकं नावच कापून ढकललं. मुद्दाम कुणी केलं नाही. कात्रीच त्या मापाची होती.

त्यात डीजेवाल्यांची गंमत वेगळी. मिरवणुकीतलं कुठलंही रीमिक्स ऐका. दर अर्ध्या मिनिटाला एक घोगरा आवाज डीजेचं नाव ओरडून जातो. गाणं कुणी चोरू नये म्हणून ही पक्की सोय. ज्यानं ठोका वाढवला त्याचं नाव गाण्यात दहा वेळा, ज्यानं शब्द जुळवले त्याचं एकदाच होतं तेही गाळलेलं. आणि जुन्या गायन पार्ट्या तरी फार शहाण्या होत्या असं समजू नका. तिथं बक्षिसाची पद्धत. कुणी दहाची नोट पुढं केली की गाणं मध्येच थांबवून हार्मोनियमवाला जाहीर करणार : कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांकडून दहा रुपये, जयभीम. दहा रुपयांत माइकवर नाव घेतलं जाई. कवीनं ते फुकट आणि शेवटी मागितलं होतं.

इथवर मी कवीच्या नावाबद्दल बोललो. पण उपेक्षेचा आणखी एक प्रकार आहे. त्यात नाव सगळ्यांना माहीत होतं, चेहराही माहीत होतो आणि गाणं तेवढं ऐकायचं राहतं. कडूबाई खरातांचं तसं झालंय.

जालन्याहून संभाजीनगरला जाताना बदनापूर, शेकटा, करमाड अशी गावं मागं पडतात आणि विमानतळाच्या अलीकडं चिकलठाणा येतं. कडूबाई तिथल्या. एकतारी घेऊन गाणारी ही बाई गेल्या दशकात कुणीतरी मोबाईलवर टिपली आणि बघता बघता महाराष्ट्रभर गेली. नंतर मोठमोठे मंच झाले, मुलाखती झाल्या. त्या मुलाखती एकामागं एक वाचल्या की एक साचा दिसतो. सुरुवात झोपडीनं. मग लवकर गेलेला नवरा, लहान लेकरं, गावोगाव फिरून गाणं, पदरात पडलेलं पीठ. शेवट टाळ्यांनी. सगळं खरं आहे आणि कडूबाईंनीच सांगितलेलं आहे. पण त्या गातात कसं, याबद्दल या सगळ्यात चार ओळी सापडत नाहीत. शास्त्रीय गायिकेची मुलाखत घेताना आपण तिचं घराणं, तालीम, राग विचारतो. तिच्या घराचं छप्पर कशाचं आहे हे विचारत नाही. कडूबाईंना आपण छप्परच विचारतो.

नावावरूनही लोक हळहळतात. कडू, म्हणजे किती दुःख. अहो, भोकरदन-सिल्लोडकडं कडूबा नावाची माणसं ढिगानं सापडतील. कडू, धोंडू, दगडू ही नावं लेकरू जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचे. नाव कडू ठेवणारीची माया गोड होती, एवढं तरी कळायला हरकत नाही.

तर गाण्याबद्दल. एकतारी म्हणजे भोपळा, बांबूचा दांडा आणि एक तार. हार्मोनियमसारखे तिच्यात बारा स्वर नाहीत, एकच आहे. गाणारीनं तो आपल्या गळ्याला सोसेल असा लावून घ्यायचा आणि मग त्याच्यावर उभं राहून गायचं. यातून दोन गोष्टी होतात. पहिली अशी की पट्टी दुसऱ्या कुणी ठरवून देत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. पेटीची पट्टी दाबली की स्वर तिथंच खिळतो, एका स्वरातून दुसऱ्यात जायला पेटीला उडीच मारावी लागते. आपल्या बोलण्यात मात्र उडी नसते, घसरण असते, लचक असते. पेटीबरोबर गाणारा गळा हळूहळू पेटीसारखा होत जातो. एकतारीबरोबर गाणारा गळा बोलण्याच्या जवळ राहतो. कडूबाईंच्या आवाजात जो मराठवाडा ऐकू येतो तो नुसता ‘माह्या’ आणि ‘हाय’ या शब्दांत नाही. अंगणातून शेजारणीला हाक मारताना शेवटचं अक्षर जसं वर जाऊन लांबतं आणि मग सैल पडतं, तो चढ-उतार त्यांच्या ओळीच्या शेवटी आहे. संगीत शिकवणारे याला बेसूर म्हणण्याच्या घाईत असतात. त्यांनी आधी त्या तारेकडं कान द्यावा. ओळ संपताना आवाज बरोबर तिच्यावर येऊन बसतो.

ठेक्याचं काम पण तीच तार करते. ढोलकी नसली तर तर्जनीचा छेड हाच ताल. म्हणून श्वास कुठं घ्यायचा हे बोट ठरवतं. ओळीच्या मधेच श्वास येतो, अगदी शब्दाच्या कडेला. स्टुडिओतला माणूस तो श्वास कापून टाकेल. मला तो हवा असतो, कारण चालून आलेली बाई बोलताना तसाच श्वास घेते.

आणि शब्द. कडूबाई गातात ती सगळी गाणी काही त्यांची स्वतःची नाहीत. गावोगावच्या कवींची आहेत, शेवटच्या कडव्यात नावं असलेली. पण या गाण्यांतली एक गोष्ट त्यांच्या तोंडून जशी उमगते तशी दुसऱ्याच्या उमगत नाही. ओटी, चोळी, सोनं, माहेर हे बायकांच्या सणावाराचे शब्द आहेत. जुन्या गाण्यात ते देवीकडं नाहीतर भावाकडं मागायचे असतात. इथं तेच शब्द बाबासाहेबांकडं वळवलेत आणि मागणं संपलंय, मिळालेलं मोजणं सुरू झालंय. पुरुष गायक हे गातो तेव्हा ती उपमा वाटते. ओटी भरणं म्हणजे काय हे ज्या बाईनं भोगलंय, आणि विधवा झाल्यावर ओटीच्या रांगेतून जिला बाजूला केलं जातं, ती हे गाते तेव्हा तो हिशेब होतो. इथं तिच्या आयुष्याची गोष्ट उपयोगी पडते, पण गाण्यातून आयुष्याकडं गेलं तरच. आपण उलटे जातो.

एकतारीचाही प्रवास असाच आहे. वारकरी आणि कबीरपंथी भजनातलं हे वाद्य. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, देव गेले, पण भजनी मंडळं कुठं जाणार? टाळ, पेटी, एकतारी, पहाटेपर्यंत बसायची सवय, शेवटी नाव घ्यायची रीत, सगळं तसंच राहिलं; आतला मजकूर तेवढा बदलला. याला कुणी नक्कल म्हणतं. मला ते घर न मोडता मालक बदलण्यासारखं वाटतं.

आता समोरून येणारा प्रश्न. हा प्रश्न आमच्याच मित्रांचा असतो आणि वजनदार असतो. ते म्हणतात, लोकगीताला मालक कशाला? गाणं हजार तोंडांतून फिरलं, घासलं, बदललं म्हणून तर ते लोकांचं झालं. नावाचा हट्ट हा बाजाराचा हट्ट आहे. शिवाय मुद्रेवर कुठं भरवसा ठेवता? कबीराच्या नावावर किती दोहे दुसऱ्यांनी खपवले, तुकोबांच्या गाथ्यात किती अभंग मागून शिरले.

खरंय. मुद्रा हा काही सातबारा नाही. पण दुसऱ्यानं कबीराच्या नावावर दोहा खपवला, तो का? कारण ऐकणारे नाव ऐकत होते. नावाला किंमत होती म्हणून खोटं नाव चाललं. आज खोटं नाव घालायचीही कुणाला गरज वाटत नाही. आणि शब्द बदलण्याबद्दल तर माझी तक्रारच नाही. त्या आजीनंही कडव्यातला एक शब्द आपल्या बोलीत फिरवून घेतला होता. वामनदादांनी ऐकलं असतं तर हसून मान डोलावली असती. तिनं बदल केला आणि नाव ठेवलं. शाळेनं बदल काही केला नाही, नाव तेवढं गाळलं. ‘लोकांचं’ गाणं करण्याच्या या दोन रीती आहेत, आणि दुसरी रीत लोकांची नाही.

बाजाराचं म्हणाल तर ‘पारंपरिक’ हा शब्द बाजाराला फार सोयीचा असतो. दक्षिण आफ्रिकेतला सॉलोमन लिंडा हा झुलू गायक-कवी. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये त्यानं ‘म्बुबे’ नावाचं आपलं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि हक्क दहा शिलिंगांना गेले. ते गाणं अमेरिकेत पोचलं. तिथल्या गायकांना वाटलं, आफ्रिकेतलं जुनं लोकगीत असणार. ऐकू आला तसा शब्द धरून त्यांनी ते गायलं आणि तबकडीवर गीतकार म्हणून ‘पॉल कॅम्पबेल’ असं नाव घातलं. हा पॉल कॅम्पबेल नावाचा माणूस जन्मालाच आलेला नव्हता. जुन्या लोकगीतांचे पैसे गोळा करायला काढलेलं ते टोपणनाव होतं. पुढं १९६१ मध्ये त्याचं नवं रूप गाजलं, १९९४ मध्ये ते डिस्नेच्या ‘द लायन किंग’ सिनेमात गेलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला. त्याच्या मुलींना तडजोडीतून काही मिळालं ते २००६ साली. लोकगीताला मालक नसतो असं आपण मोठ्या मनानं म्हणतो तेव्हा कुठंतरी एक पॉल कॅम्पबेल पावतीपुस्तक घेऊन बसलेला असतो.

शिवाय आमच्या मराठवाड्यानं तरी नावाला ‘नुसतं नाव’ म्हणू नये. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर इथल्या खेड्यांत घरं जळाली, माणसं मेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं एका पाटीवरच्या अक्षरांसाठी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावानं जातीनं हाक मारली, एकेरीत आणि अर्ध्या नावानं हाक मारली, त्यांना पूर्ण नावाचं मोल जास्त कळतं. त्या लढ्याची गाणी करणारा एक शाहीर माजलगाव तालुक्यातल्या भाटवडगावचा होता, आत्माराम साळवे. जन्म १९५३ चा. सभेत उभ्या उभ्या गाणं जुळवायचा. त्याच्या गाण्यांनी लोक पेटतात म्हणून त्याच्यावर खटले झाले, जिल्हाबंदीचे हुकूम निघाले. म्हणजे सरकारला त्याचं नाव नीट माहीत होतं. पोलिसांच्या कागदात गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहून भागत नाही. १९९१ साली तो गेला. विद्यापीठाच्या कमानीवरचं नाव त्याला बघायला मिळालं नाही. दर १४ जानेवारीला त्या गेटवर पुस्तकांचे, फोटोंचे, पेन ड्राइव्हचे स्टॉल लागतात. तिथं नामांतराची गाणी मागा. दुकानदार गायकाचं नाव सांगेल, कंपनीचं सांगेल. लिहिलं कुणी म्हणून विचारा, तो तुमच्याकडं बघतच राहील.

मी तरी काय वेगळा? पंधरा-वीस वर्षं हीच गाणी ऐकतोय, आणि कितीतरी गाण्यांचं शेवटचं कडवं मला येत नाही. चाल येते, मुखडा येतो. त्या दुपारी आजीनं झाकणावर ठेका धरला तेव्हा मला पाठ होतं ते एकच होतं म्हणून मी तिच्यासोबत गाऊ शकलो. दुसरं कुठलं धरलं असतं तर तोंड लपवावं लागलं असतं.

निकाल लावताना मी त्या पोराला दुसरा नंबर दिला. वेशभूषेत त्याचे गुण गेले, गडी शाळेच्या गणवेशातच आला होता. यादीतल्या त्याच्या ओळीत ‘पारंपरिक’च्या दोन रेघा खोडून मी लाल पेनानं ‘वामनदादा कर्डक’ असं लिहिलं. ऑफिसात जाऊन क्लार्कला दाखवलंही. बिचारा चांगला माणूस, चहा पाजला, म्हणाला, “सर, काळजीच करू नका, सर्टिफिकेटवर बरोबर छापून देतो.” पंधरा दिवसांनी पोराच्या बापानं प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. खाली लफ्फेदार सही, गोल शिक्का, कडेला मोरपिसांची नक्षी. मधोमध सोनेरी अक्षरात छापलं होतं : गीतकार – वामन पारंपरिक.